समुद्रावरची खोली: आधी जागा, मग बाल्कनी

क्रूझचे बुकिंग करायला बसले की पहिला प्रश्न येतो तो प्रकाराचा. आतली बिनखिडकीची केबिन हवी, खिडकीची हवी, बाल्कनीची हवी की स्वीट? चार प्रकार, चार दर. आपण खर्चाचा अंदाज घेतो, जमल्यास एक पायरी वर चढतो आणि निवड झाली असे समजतो. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या दोन-चार रात्रींच्या सफरीला ही पद्धत पुरते. पण जी सफर महासागर ओलांडते, जिथे पाच-सहा दिवस सलग किनारा दिसत नाही आणि कंटाळा आला म्हणून उतरण्याची सोय नसते, तिथे हा क्रम उलटा करायला हवा. आधी केबिनची जागा ठरवावी: जहाजाच्या लांबीत ती कुठे आहे, किती उंचावर आहे, तिच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे. प्रकार त्यानंतर. मधल्या भागातली, खालच्या डेकवरची साधी केबिन लांबच्या प्रवासात टोकाच्या आणि उंचावरच्या बाल्कनीपेक्षा जास्त सुखाची ठरते, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी ‘क्वीन मेरी २’ घेऊ. जानेवारी २००४ मध्ये सेवेत आलेले हे जहाज इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कपर्यंत अटलांटिक महासागर ओलांडते. बहुतेक फेऱ्या सात रात्रींच्या असतात आणि वाटेत बहुधा एकही बंदर नसते. लेक-जावई किंवा मुलगा-सून यांच्याकडे इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना या प्रवासाचे आकर्षण वाटू लागले आहे, म्हणूनही हे उदाहरण जवळचे. जहाजाची लांबी ३४५ मीटर. खुल्या महासागरात लाटा समोरून येतात तेव्हा जहाजाची नाळ वर उचलली जाते, मागचा भाग खाली बसतो, आणि पुढच्या क्षणी याच्या उलट. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेले मूल वर-खाली होते आणि मध्ये उभे असलेले जवळजवळ स्थिर राहते, तसेच इथे होते. जहाजाचा हा स्थिर भाग साधारण मध्यावर, बहुधा किंचित मागच्या बाजूला असतो. आता हिशेब करा. जहाज फक्त दोन अंशांनी झुलले, तरी मध्यापासून १३० मीटर पुढे असलेली केबिन सुमारे साडेचार मीटर वर आणि तेवढीच खाली जाते. म्हणजे एकूण नऊ मीटर, तीन मजल्यांची उंची, आणि हे काही सेकंदांच्या अंतराने रात्रभर. त्याच वेळी मध्यापासून १५ मीटरवर असलेली केबिन अर्धा मीटर वर आणि अर्धा मीटर खाली होते. जहाज तेच, समुद्र तोच, भाडेही कदाचित तेच. झोपेत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

उंचीचा हिशेबही असाच. लाटा बाजूने आल्या की जहाज डावी-उजवीकडे कलते. ते ज्या अक्षाभोवती कलते तो पाण्याच्या पातळीच्या आसपास असतो. चार अंशांच्या कलण्यात त्या अक्षापासून ३० मीटर उंचावरची केबिन दोन मीटरहून अधिक बाजूला सरकते, तर आठ मीटरवरची जेमतेम अर्धा मीटर. वरच्या डेकवरच्या केबिनला जास्त भाडे लागते ते दृश्यासाठी आणि डेक-पूल जवळ असतात म्हणून. स्थिरतेच्या दृष्टीने पाहिले तर आपण जास्त पैसे मोजून जास्त हलणारी जागा घेत असतो. पूर्वी मुंबईहून कोकणात बोटीने जाणाऱ्यांना बोट लागणे म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावे लागत नसे. आजच्या पिढीने तो अनुभव घेतलेला नाही, म्हणून महासागरी प्रवासाचा विचार करताना बोट लागण्याची शक्यता आपल्या यादीत शेवटी येते. ती पहिली असायला हवी. डोळे सांगतात की खोली स्थिर आहे आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलत आहोत. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. हालचाल जितकी कमी, तितकी ही विसंगती कमी. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या जवळ ठेवाव्यातच. पण गोळीने झापड येते, तोंड कोरडे पडते, आणि वयस्कर माणसांच्या इतर औषधांशी तिचे जमतेच असे नाही. केबिनच्या जागेचा असा कोणताच दुष्परिणाम नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: आता जहाजांना स्टॅबिलायझर असतात, मग जागेने काय फरक पडतो? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे बाहेर येणारे हे स्टॅबिलायझर जहाजाचे डावी-उजवीकडे कलणे खरोखर पुष्कळ कमी करतात. पी अँड ओ कंपनीचे ‘चुसान’ हे १९५० सालचे जहाज असे पंख बसवलेल्या सुरुवातीच्या मोठ्या प्रवासी जहाजांपैकी एक होते, आणि ते मुंबईमार्गे अतिपूर्वेला जात असे. तेव्हापासून हे तंत्र खूप सुधारले आहे. पण पंखांवरून पाणी वेगाने वाहिले तरच ते काम करतात. जहाज मंदावले की त्यांचा जोर कमी होतो. आणि महत्त्वाचे म्हणजे नाळ वर-खाली होण्यावर त्यांचा जवळपास काहीच उपाय चालत नाही, कारण जहाजाच्या प्रचंड लांबीपुढे ते पंख फार छोटे पडतात. उत्तर अटलांटिकमध्ये वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात. इंग्लंडहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या जहाजाला वारा आणि लाटा बहुतेक समोरूनच भेटतात. म्हणजे स्टॅबिलायझर ज्या हालचालीवर चालत नाही, नेमकी तीच हालचाल या वाटेवर जास्त असते. ‘क्वीन मेरी २’ची लांब नाळ, भक्कम सांगाडा आणि सुमारे दहा मीटर खोल तळ याच समुद्रासाठी आखलेले आहेत, उंच इमारतीसारख्या नेहमीच्या क्रूझ जहाजांपेक्षा ते नक्कीच शांत चालते. तरीही टोक ते टोकच. जे जहाज मुळात महासागर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले नाही, त्यावर तर जागेचे महत्त्व आणखी वाढते.

दुसरा आक्षेप बाल्कनीवाल्यांचा, आणि तो मनापासूनचा असतो. एवढा खर्च करून समुद्रावर जायचे आणि समुद्र दिसणार नाही अशा खोलीत राहायचे? बाल्कनी चांगलीच असते, यात वाद नाही. वाद आहे तो ती कुठे उपयोगी पडते याचा. ताशी २० सागरी मैल म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर वेगाने पश्चिमेला जाणाऱ्या जहाजावर समोरून ४० किलोमीटरचा वारा आला, तर डेकवर तो ७५ किलोमीटरहून अधिक वेगाने जाणवतो. बाजूच्या बाल्कनीला थोडा आडोसा असतो, पण थंडी, ओलावा आणि आवाज यांत तिथे चहा घेत बसणे फारसे घडत नाही. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स भागात उन्हाळ्यातही दाट धुके असते. जोराचे वादळ असेल तर बाल्कनीत जाऊ नका अशी सूचनाच येते. शिवाय समुद्राच्या मध्यावर डावीकडून आणि उजवीकडून दिसते ते एकच क्षितिज, आणि ते फेरफटक्याच्या डेकवरून सगळ्यांनाच भाडे न वाढवता दिसते. ‘क्वीन मेरी २’च्या खालच्या डेकवरच्या बाल्कन्या तर जहाजाच्या पोलादी अंगातच कापून काढलेल्या आहेत. त्यांना वाऱ्यापासून चांगले संरक्षण मिळते, जागाही चांगली असते. मात्र समोरची भिंत पोलादाची असल्याने खुर्चीत बसल्यावर समुद्राऐवजी भिंत दिसते, उभे राहावे लागते. आठव्या डेकवरच्या अनेक बाल्कन्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या आहेत. बाल्कनी या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून फोटोवर विसंबू नये.

बाल्कनीचे पैसे वसूल होणाऱ्या वाटाही आहेत. शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भूमध्य समुद्रातली अनेक क्रूझ जहाजे हंगाम संपवून कॅरिबियनकडे निघतात. कॅनरी बेटांवरून दक्षिणेकडच्या उबदार वाटेने जाणाऱ्या या सफरींमध्ये ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे पाठीमागून मिळतात. १४९२ साली कोलंबसाची गलबते याच वाऱ्यांवर पुढे सरकली. पाठीमागून ३० किलोमीटरचा वारा आणि जहाजाचा वेग त्याच्याच आसपास, म्हणजे बाल्कनीत वारा जवळजवळ पडल्यासारखा वाटतो, हवा सुखद असते आणि सलग आठवडाभर तिथे बसून वाचता येते. अशा वाटेवर बाल्कनी जरूर घ्यावी, अर्थात मधल्या भागातली. नॉर्वेचे फ्योर्ड, अलास्काचा किनारा, जगप्रदक्षिणेतले उष्ण कटिबंधातले महिने यांनाही हेच लागू आहे. बाजू निवडतानाही थोडा विचार करावा. उत्तर गोलार्धात पश्चिमेला जाताना डावी बाजू दक्षिणेकडे असते, म्हणून ऊन डावीकडे जास्त येते. पूर्वेला येताना ते उजवीकडे असते. उत्तर अटलांटिकच्या थंडीत ते ऊन हवेहवेसे वाटते, तर उष्ण कटिबंधात त्याच उन्हापासून पळावेसे वाटते.

आतल्या केबिनबद्दलचा आक्षेप मला जास्त विचार करण्यासारखा वाटतो. तिथे दिवस-रात्र कळत नाही, गुदमरल्यासारखे होते, असे लोक म्हणतात. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी ती घेऊच नये. तिथे हिशेब मांडण्यात अर्थ नाही. इतरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंड आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत पाच तासांचा फरक आहे. पश्चिमेला जाताना पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे जाते, म्हणजे पाच दिवस २५ तासांचे मिळतात आणि शरीर आपोआप जुळवून घेते. पूर्वेला येताना तेच पाच दिवस २३ तासांचे होतात. तेव्हा पूर्ण अंधाऱ्या खोलीत सकाळ झाल्याचे कळत नाही, नाश्त्याची वेळ टळते आणि दिवसभर आळसावल्यासारखे वाटते. म्हणून पूर्वेकडच्या प्रवासात, विशेषतः साठी ओलांडलेल्यांसाठी, जमल्यास खिडकी असावी असे मी म्हणेन. मात्र बऱ्याच जहाजांवर साध्या खिडकीच्या केबिन पुढच्या टोकाकडे गोळा झालेल्या असतात. खिडकी हवी म्हणून नाळेकडे सरकावे लागत असेल, तर मधली आतली केबिन बरी, आणि सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास डेकवर उजेडात चालून यावे. खालच्या डेकवर आपण पाण्याखाली असतो ही समजूतही सोडून द्यावी. क्रूझ जहाजांवर प्रवाशांच्या केबिन पाण्याच्या पातळीच्या वरच असतात.

आता शांततेविषयी, कारण हलण्याइतकाच झोपेचा शत्रू आवाज आहे आणि तो भाड्याच्या तक्त्यात कुठेही दिसत नाही. नियम सोपा आहे: आपल्या वरही केबिनच असाव्यात आणि खालीही केबिनच. डोक्यावर पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो. बुफे असेल तर ट्रॉल्यांचा. खाली नाइट क्लब किंवा नाट्यगृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचे ठोके जाणवतात. ‘क्वीन मेरी २’वर दुसऱ्या आणि तिसऱ्या डेकवर नाट्यगृह, नृत्यदालन, मुख्य उपाहारगृह आणि नाइट क्लब आहेत, सातव्या डेकवर बुफे आहे, आणि मध्ये चौथा, पाचवा व सहावा हे केबिनचे डेक आहेत. म्हणजे पाचव्या डेकवरच्या केबिनला वरून आणि खालून केबिनचेच कवच मिळते. चौथ्याच्या पायाखाली गजबज, सहाव्याच्या डोक्यावर गजबज. या जहाजावर मला निवडायचे झाले तर पाचवा डेक, मधला भाग, हेच उत्तर आहे. प्रकार खिसा ठरवेल. इतर कोणत्याही जहाजाचा डेकचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. तीन डेकचे नकाशे एकाखाली एक ठेवून पाहिले की पंधरा मिनिटांत हे सारे समजते. नकाशावर काहीही न लिहिलेले पांढरे चौकोन दिसतात, त्यांकडे दुर्लक्ष करू नये. ती बहुधा कर्मचाऱ्यांच्या सामानाची, कपड्यांची किंवा वाढपाची जागा असते आणि तिथे भल्या पहाटे वर्दळ सुरू होते. दोन केबिनमध्ये उघडणारे आतले दार असेल तर शेजाऱ्यांचे बोलणे ऐकू येते. अशा दाराची खूण नकाशात दिलेली असते. लिफ्ट जवळ असावी पण दारासमोर नसावी. अगदी मागच्या टोकाला यंत्रांची थरथर जाणवू शकते, आणि पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा व बंदराला लागताना चालणाऱ्या पंख्यांचा आवाज येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी बुकिंग करणाऱ्यांनी याखेरीज काही गोष्टी आधी लेखी विचाराव्यात. साडेतीनशे मीटर लांबीच्या जहाजावर टोकाच्या केबिनपासून जेवणाच्या दालनापर्यंतचे अंतर गुडघेदुखी असलेल्या माणसाला दिवसातून तीन वेळा चालणे जड जाते; हादेखील मधल्या भागाच्या बाजूचाच मुद्दा आहे. बऱ्याच केबिनमध्ये न्हाणीघराच्या दाराला उंबरठा असतो, आणि हलत्या जहाजावर रात्री तो ओलांडताना पाय अडखळतो. टब आहे की साधा शॉवर, दोन वेगळे पलंग मिळतील का, इन्सुलिन ठेवायला फ्रीज आहे का, झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांसाठी पलंगाजवळ प्लग आहे का, हे आधी कळायला हवे. व्हीलचेअरसाठी खास केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. एकट्याने जाणाऱ्यांना अनेकदा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. ‘क्वीन मेरी २’वर २०१६ च्या नूतनीकरणात एकट्यासाठी स्वतंत्र केबिन तयार झाल्या, पण त्या फारच थोड्या आहेत.

राहिला पैशाचा मुद्दा. केबिन फक्त झोपायला असते, मग तिच्यावर एवढा विचार कशाला, असे म्हणणाऱ्यांचे गणित रोज नवे बंदर असणाऱ्या सफरीला लागू पडते. सलग समुद्रावरच्या दिवसांत झोप, दुपारची विश्रांती, आंघोळ, कपडे, थोडे वाचन धरले तर दिवसाचे निम्मे तास खोलीतच जातात, आणि तब्येत बिघडली तर सगळेच. त्याच वेळी मी अधिक खर्च करा असे सांगत नाही. एकाच प्रकारात मधल्या केबिनला टोकाच्या केबिनपेक्षा थोडे जास्त भाडे असते, पण एका प्रकारातून वरच्या प्रकारात जाण्यासाठी त्याहून बरेच जास्त मोजावे लागते. टोकाच्या बाल्कनीसाठी जे पैसे बाजूला ठेवले असतील, त्यात मधली खिडकीची किंवा आतली केबिन घेऊन बहुधा काही उरतेही. स्वस्त दिसणारी गॅरंटी केबिन मात्र टाळावी. तिच्यात प्रकाराची हमी मिळते आणि जागा कंपनी ठरवते. म्हणजे जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिच्यावरचाच हक्क आपण सोडून देतो. छोट्या सफरीत ही जोखीम चालेल, महासागरावर नाही. फुकटात मिळणाऱ्या अपग्रेडचेही तसेच आहे. पाचव्या डेकच्या मध्यावर विचारपूर्वक घेतलेल्या केबिनऐवजी दहाव्या डेकच्या टोकाची बाल्कनी हाती आली, तर कागदावर आपण वर गेलो आणि समुद्रावर तोट्यात आलो.

त्यामुळे बुकिंगच्या वेळी ट्रॅव्हल एजंटकडून प्रकाराचे नाव घेऊन थांबू नका. केबिनचा नेमका क्रमांक मागा, तो डेकच्या नकाशावर स्वतः शोधा, आणि वरचा-खालचा डेक तपासा. मनासारखा क्रमांक मिळाला की त्याच बुकिंगवर ‘परवानगीशिवाय केबिन बदलू नये, अपग्रेड नको’ अशी नोंद करून घ्या आणि ती पावतीवर छापून आल्याची खात्री झाल्यावरच उरलेले पैसे भरा. मधल्या केबिन सर्वांत आधी जातात, म्हणून तारीख पक्की झाली की हे काम पुढे ढकलू नका.